नवरदेव परदेशात

भूम निजामाचं आणि बार्शी हिंदुस्थानची, त्यामुळं बैलगाडीत झोपलो तो आपल्या मुलखात आणि जागा झालो परदेशात. रझाकारांच्या भीतीनं निम्मं गाव असंच आलं. मला आणि महानंदाला आदल्या दिवशीच हळद लागलेली. हळदीच्या अंगानं शीव ओलांडायची नसते. आम्ही तर राज्यच ओलांडलं. म्हणून मोठ्यांनी ठरवलं, लग्न गावी परतल्यावरच. तोवर हळद वाळू द्यायची नाही.

परदेशातलं आयुष्य तसं आरामाचं. सकाळी हॉटेलात चहा, मग वर्तमानपत्र, दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर सोंगट्या, नंतर झोप. माझे वडील गुरुसिद्धप्पा, आमचे अप्पा, भूमच्या दुकानात कधी पाठ टेकायचे नाहीत. इथं त्यांचं पोट सुटलं. गावी कधी जायचं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, येत्या सोमवारी.

सोमवार आला की मला नवी हळद. कामाला हात लावायचा नाही, हातात लिंबू टोचलेली कट्यार. त्या थाटात मी स्टेशनापर्यंत जायचो आणि परत यायचो, परत जायचो. एकदा पोलिसानं हटकलं. लग्न आहे म्हणालो. कधी, म्हणाला. मी लिंबू दाखवलं; ते तरी ताजं होतं.

मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. महानंदाचे वडील बंडप्पा म्हणत, अर्धवट लग्नाची पोर किती दिवस सांभाळायची? त्यांनी सोलापूरचं स्थळ काढलं. मुलगा गिरणीत कारकून, हळद न लागलेला.

ते पाहुणे यायच्या दिवशी सकाळी महानंदा सरळ ओट्यावर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि अप्पांच्या सोंगट्यांच्या पटासमोर उभी राहिली.

"मामा, न्हावी हितं, कुंभार हितं, लगीन लावनारे आपले जंगम अय्या बी हितंच. समदं गाव तुमच्या म्होरं बसलंय. तिकडं निस्ती शीव ऱ्हायलीय."

अप्पांनी कवड्या मुठीतच धरल्या. ओट्यावरच्या एकेका माणसाकडं पाहिलं. गाव इथं आहे असं म्हटलं, तर परत कुठं जायचं? एवढे महिने हे कुणी बोललं नव्हतं, आणि आताही बोललं नाही.

"अय्या," अप्पा शेवटी म्हणाले, "उद्याचा मुहूर्त बघा."

मग मला म्हणाले, भाड्याची खोली बघून ये. किती दिवसांसाठी, मी विचारलं.

"वरीसभरासाठी बघ," म्हणाले, आणि डाव अर्धा असताना पट गुंडाळायला लागले.