दिल्लीच्या खेळांचा फायदा

एकावन्न साली दिल्लीचे आशियाई खेळ पाहून जागेश्वर कोष्टी नागपूरला परतला, तर बायको रुख्माबाई तापलेलीच.

"माग बंद ठेवून गेले. काय फायदा झाला, सांगा ना! जिंकलं कोण?"

ते काही जागेश्वरला आठवेना. मैदानाबाहेर ब्रह्मदेशचा एक धावपटू दिसला आणि विणकराच्या सवयीने याने त्याच्या लुंगीचा काठच चिमटीत धरला होता! पोलीस धावत आला. पण त्या पोराने हसून याच्या उपरण्याचा काठ चिमटीत घेतला आणि अंगठ्याने सूत चोळून पाहिलं, अगदी कोष्ट्यासारखं.

"आपल्यातलाच निघाला वं!"

रुख्माबाई आणखीच भडकली. "मंग त्याले घरी जेवाले काहून नाही आणलं?"