मनोऱ्यावरची पाटी

हेडविग सत्त्याऐंशी वर्षांची, तरी टेहळणी मनोऱ्याच्या उभ्या जिन्यावर कुणाचा हात धरायला तयार नव्हती. वर तिची नात झिल्के नवी पाटी बसवत होती. खाली, जिथे दोन जर्मनींमधलं काटेरी कुंपण होतं, तिथे आता अभयारण्य आहे. लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि एखादा गप्पीदास पक्षी दिसला की हरखून जातात. हेडविगला त्या हौशी मंडळींचा मनस्वी संताप येई.

पाटीवर तिच्या मुलाचं नाव होतं. फोल्कर, वय सव्वीस, ऑक्टोबर १९७९, पळून जाताना गोळी लागून मृत्यू.

ते पळून जाणं खोटं होतं, आणि हे एकट्या हेडविगला ठाऊक होतं. सीमेलगतच्या गावात यायला परवाना लागे, पोटच्या पोरालासुद्धा. फोल्करला तो दोनदा नाकारला होता. तरी तुझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला येणारच, असं त्याने लिहिलं होतं. तिने ते मनावर घेतलं नाही. अनोळखी माणूस दिसला की चौकीला कळवायचं, हे गावाच्या रक्तात भिनलेलं. त्या सकाळी धुक्यात, आलुबुखाराच्या झाडांखालून कुणी टोपीवाला घराकडे येताना दिसला. तिने फोन उचलला. शिपाई आले तसा तो जीव घेऊन पळाला. पळायला एकच बाजू मोकळी होती, कुंपणाची.

दुसऱ्या दिवशी चौकीवरून शाबासकी म्हणून अर्धा किलो खरी, एरवी दुकानात न मिळणारी कॉफी आली. तिचे दोन कप पिऊन झाल्यावर मेलेल्याचं नाव सांगायला माणसं आली. पत्र तिने चुलीत घातलं.

झिल्के तेव्हा दोन वर्षांची होती. बापाने आपल्याला टाकलं, हे मनात धरूनच ती वाढली. लग्नाचा विषय निघाला की उठून जाई. आज तिला सगळं सांगायचं, असं ठरवूनच हेडविग जिना चढली होती.

“एक विचारू, ओमा?” झिल्के पाठमोरीच म्हणाली. “मला नि मम्मीला टाकूनच निघाला होता ना ग तो? या वयात आता गोड गोड काही सांगू नकोस.”

हेडविगच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दर रविवारी केक घेऊन येणारी ही एकटीच उरली होती. ही गेली तर दार कोण वाजवणार? स्वतःचीच किळस आली तिला.

“हो,” ती म्हणाली. “टाकूनच.”

“बरं झालं, एकदाचं कुणीतरी बोललं,” झिल्के म्हणाली, आणि तिने पाटीचा शेवटचा स्क्रू आवळला.