रिकाम्या कप्प्याची साक्ष

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी. मूळची निळी, आता कोणत्या रंगाची ते विचारू नका. सात वारांचे सात कप्पे. पण झाकणांवरची अक्षरं पुसली गेल्यानं आज कोणता वार, हे मलाही धड सांगता येत नाही. तरी लोक माझ्या भरवशावर राहतात!

माझ्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणतात. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक कुणाचीही असो, समासात लाल खूण करून मोकळ्या व्हायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांची झोप उडाली आणि मी घरात आले. सुरुवातीला माझं कोण कौतुक! भाची मला पुसूनबिसून भरायची. पुढे मी उशाशी धूळ खात पडले. मला वाईट वाटायचं.

मग आत्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्री झोपेची एकच गोळी घ्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती. दहाला आत्यांनी ती घेतली. पण धास्तीनं डोळ्याला डोळा लागेना. केव्हातरी गुंगीतच त्या पुन्हा उठल्या आणि चाचपडत माझं शेजारचं झाकण उघडलं. गोळी गेली. पण कुठे? पोटात, की आणखी कुठे? माझ्यातून काय गेलं ते मला कळतं, पुढचं कळत नाही. मी पार गोंधळून गेले.

सकाळी टापटिपीच्या हौसेनं भाचीनं माझे सगळे रिकामे कप्पे भराभर भरले आणि मला पिशवीत टाकलं.

दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "रात्री झोपेच्या किती गोळ्या घेतल्यात?"

"एकच," भाची म्हणाली. तिनं मोठ्या मिनतवारीनं रजा मिळवली होती, ऑपरेशन पुढे ढकललं जायला नको होतं.

आत्या घुटमळल्या. "डबी दे बघू." त्यांनी एकेक झाकण उघडलं. सातही कप्पे भरलेले! "अगं, हे काय केलंस?"

"भरून ठेवली. का गं?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण डबीला कुठला आवाज? 'एकच' म्हणून आत्यांना वेळ मारून नेता आली असती. त्या म्हणाल्या, "एक नक्की घेतली. दुसरी घेतली की नाही, आठवत नाही. लाज वाटते सांगायला, पण खरंच आठवत नाही."

"बरं झालं बोललात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन गोळ्या पोटात असतील आणि त्यावर भूल दिली, तर श्वासाला धोका होऊ शकतो. आज थांबू या."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट पार पडलं. घरी आल्यावर जुन्या चष्म्याच्या घरात ती दुसरी गोळी सापडली.

"आत्या, एवढ्याशा गोळीनं केवढं नाचवलं आपल्याला!"

"हसवू नकोस गं, टाके ओढतात."

भाची ती गोळी माझ्यात टाकायला निघाली, तसा आत्यांनी तिचा हात धरला. "आधी मला विचार. भरलेल्या डबीला मी काय विचारणार?"

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिला खुशाल पुसा, पण विचारल्याशिवाय भरू नका. तिचा रिकामा कप्पाच खरं बोलतो. परवा आत्यांनी माझ्या झाकणांवर लाल शाईनं नवी अक्षरं काढली. आज गुरुवार आहे, एवढं मी आता छातीठोकपणे सांगू शकते.