बुटात घातलेला हात

गिऱ्हाइकाला बूट परत देण्यापूर्वी तात्या त्यात हात घालून बघत, ही त्यांची तीस वर्षांची रीत. टाचेत ठोकलेल्या खिळ्याचं टोक आत आलं असेल तर ते बोटांना आधी कळायचं. "माझी बोटं खोटं बोलत नाहीत," असं ते ऐटीत सांगत. पण गेले आठ महिने तीच बोटं चक्क थापा मारत होती. आधी मुंग्या आल्या, मग बधिरपणा. डॉक्टरांनी बजावलं होतं, साखर अशीच चढलेली राहिली तर नसा, डोळे, मूत्रपिंडं, हृदय, ती कुणालाच सोडत नाही. आणि नसा गेल्या की दुखतंय हेही कळत नाही. तात्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन अवाक्षर काढलं नाही. बोटं गेली म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढणार?

त्या दुपारी बायको डबा घेऊन दुकानात आली आणि दारातच थबकली.

"अहो, बोटाला काय लागलंय?"

मधल्या बोटाच्या टोकावर रक्त सुकलं होतं. मांडीवरच्या फडक्यालाही डाग.

"आरी लागली असेल," तात्या म्हणाले. पण आज त्यांनी आरी हातात घेतलीच नव्हती. सकाळपासून एकच काम झालं होतं, मागच्या गल्लीतल्या मास्तरांच्या बुटांना नव्या टाचा. हात आत घालून, तपासून, हसत हसत दिले होते.

म्हणजे बोटाला टोचलं ते त्या बुटातच. मास्तरांना पंधरा वर्षांचा मधुमेह. गेल्या वर्षी एवढ्याशा फोडापायी त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं होतं. पुन्हा जखम झाली तर पाऊलच जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

तात्यांनी फोन काढला, तर आकडेच धड दिसेनात. बायकोने लावून दिला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. तात्या तसेच उठले.

"अहो, गोळी घेतलीय ना? आधी चार घास खा!"

ते ऐकायला तात्या होते कुठे! दोन जिने चढता चढता त्यांचा ऊर फुटायची वेळ आली. मास्तरांचं दार उघडंच होतं आणि मास्तर खिडकीशी उभे होते. पायात तेच बूट.

"ये रे तात्या! काय टाचा बसवल्यास! बागेला तीन फेऱ्या मारून आलो, जराही टोचलं नाही."

"काढा ते. आधी काढा!"

"अरे, पण झालं काय?"

तात्यांनी खाली बसून स्वतःच नाडी ओढली. उजवा बूट निघाला. मोज्याची टाच लालभडक झाली होती. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. पाय मात्र अजूनही दुखत नव्हता.

"आत हात घातला होतास ना?"

"घातला होता."

"मग?"

घाई झाली, नजर चुकली, असं काहीबाही तात्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तो मोजा समोर होता.

"माझी बोटं गेलीत, मास्तर. आठ महिने झाले. पोटापायी कुणाला सांगितलं नाही." ते लहान मुलासारखे रडू लागले.

"गाढव आहेस," मास्तर म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचा फोन ओढला आणि दवाखान्याचा नंबर लावला.

"पायाला जखम झालीय, लगेच येतोय," ते म्हणाले. मग खाली बसलेल्या तात्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. "आणि एक नाही, दोन पेशंट लिहा."