सातव्या प्रश्नाचे दोन गुण

पत्रे कापायच्या कारखान्यात माझी वीस वर्षं गेली. मुकादमाची जागा रिकामी झाली तेव्हा मालक म्हणाले, "जागा तुझीच. फक्त एक तारखेच्या आत दहावी पास झाल्याचा कागद आण." माझं गणित तेवढं राहिलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी परीक्षेला बसले आणि तेहतीस मिळाले. पासाला पस्तीस लागतात.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. फेरतपासणीचा अर्ज ठोकला आणि तारीख येईपर्यंत लेकीकडून पुन्हा सगळं गणित शिकले. तिचा जीव खाल्ला म्हणा ना.

तपासनीस चष्मा कपाळावर ठेवून बसले होते. म्हणाले, "सातव्यात तुम्ही (२क्ष + ८) ÷ २ लिहिलंत. उत्तर क्ष + ४ आहे. सरळ रूप दिलं नाही, म्हणून शून्य."

"क्ष पाच धरा," मी म्हटलं. "माझे नऊ येतात, तुमचेही नऊच. प्रश्नात 'आयताची रुंदी लिहा' एवढंच आहे, सरळ रूप द्या असं कुठंय? नुसती शेवटची ओळ बघून फुली मारता, वरच्या पायऱ्या कोण वाचणार?"

त्यांनी चष्मा खाली ओढला, प्रश्न दोनदा वाचला आणि दोन गुण दिले. "पस्तीस. झालात पास."

आनंदाने मला बसवेना. बेरीज करायला त्यांनी पान उलटलं आणि माझी नजर आठव्या प्रश्नावर गेली. (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३). परीक्षेत मी क्ष²ला क्षने कापलं होतं, नवाला तीनने, आणि वजाला वजाने भागून अधिक केलं होतं. उत्तर क्ष + ३. अगदी बरोबर, तीनपैकी तीन! पण असं सुटं सुटं कापता येत नाही, आधी वरचे अवयव पाडायचे, मग अख्खा कंस कापायचा, हे लेकीने परवाच डोक्यात घातलं होतं. वर-खाली दोन्हीकडे वजाच्या जागी अधिक असतं, तर याच रीतीने धडधडीत खोटं उत्तर आलं असतं.

गप्प बसावं असं फार वाटलं. पण आत्ताच पायऱ्या वाचा म्हणून यांच्या डोक्यावर बसले होते मी.

"साहेब, हे चुकलंय."

"अहो बाई, उत्तर बरोबर आहे. कशाला उकरून काढता?"

"उत्तर नशिबाने आलंय. पायऱ्या वाचा."

त्यांनी वाचल्या. मग पायऱ्यांचे दोन गुण कापले. परत तेहतीस.

घरी लेकीने दारातच विचारलं, "पास?" मी सगळं सांगितलं. ती रडायलाच लागली. "आई, जागा गेली ना गं!"

"गेली," मी म्हटलं. "पुढच्या परीक्षेचा अर्ज तिथेच भरून आलेय. डोळे पूस आणि वही काढ. ते अवयव मला अजून पटकन पाडता येत नाहीत."