ढमीचा कंगवा बोलतो

मी एक जुना पोलादी कंगवा आहे. माझे दोन दात वाकलेत आणि डोकं कायम तापलेलं असतं. का, ते ऐकाच, मित्रांनो. मी माणसांचा कंगवा नाही. मी ढमीचा. ढमी म्हणजे आमच्या घरची लांब केसांची कुत्री.

ती पिल्लू असताना मला दुकानातून आणलं. तिचे केस रेशमासारखे होते. मानेपासून शेपटीपर्यंत मी सुळकन जाई. "कंगवा असावा तर असा!" बाबा म्हणत, आणि मी फुगून जाई.

मग तिला पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते योग्यच झालं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "काही महिन्यांत हिचे केस बदलतील. आतून कापसासारखे दाट होतील. बट बाजूला करून मुळापासून विंचरत जा. आणि आधी विंचरणं, मग आंघोळ." बाबांनी जोरजोरात मान हलवली. पालथ्या घड्यावर पाणी!

केस खरंच बदलले. मी मुळाशी अडकू लागलो, ढमी केकाटू लागली. "हा कंगवाच बेकार आहे, केस ओढतो," म्हणून बाबांनी मला न्हाणीघरातल्या खिळ्याला टांगलं आणि एक मऊ, गुबगुबीत ब्रश आणला. तो नुसता वरवर फिरायचा. पाठ चकाकायची, पाहुणे वाहवा करायचे. वरून कीर्तन, आतून तमाशा! दर रविवारी बाबा आतला गुंता तसाच ठेवून साबण चोळायचे. अहो, भिजून वाळलेला गुंता आणखी आवळतो! मी खिळ्यावरून बघत चरफडायचो.

पुढे ढमी लंगडायला लागली. "ऑपरेशननंतर वजन वाढतंच," असं म्हणत बाबांनी तिचं जेवण निम्म्यावर आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! ती बिचारी रिकामी वाटी चाटत बसायची. पाय काही सुधारेना.

शेवटी बाबांची थोरली लेक चिडली. "बाबा, ती जिनासुद्धा चढत नाहीये. चला दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता." फोनवर डॉक्टरीणबाईंनी कंगवाही आणायला सांगितला, म्हणून तिने मला खिळ्यावरून काढलं.

बाईंनी ढमीच्या पुढच्या पायाच्या बगलेत बोटं घातली. तिथे केसांचा गोळा कांबळ्याच्या तुकड्यासारखा घट्ट झाला होता. तो कापला, तर खाली लालभडक जखम.

बाबांनी वजनाचं कारण सांगितलं, तशा बाई म्हणाल्या, "वजनाचा काय संबंध? दर पावलाला हिची कातडी ओढली जात होती."

"पण मी तर न चुकता आंघोळ घालत होतो हो," बाबा पुटपुटले.

"न विंचरता ना? मग अजून काय होणार!"

जखम भरली, लंगडणं गेलं. आता बाबा बट बाजूला करून मुळापासून विंचरू पाहतात, पण मला पाहिलं की ढमी पलंगाखाली शिरते. काल तर ती बाबांवर गुरगुरली, आयुष्यात पहिल्यांदा. मला बाजूला ठेवून ते कितीतरी वेळ पलंगाशेजारी जमिनीवर बसून राहिले.

माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो. वरची चकाकी बघून खूश होऊ नका, बोटं मुळापर्यंत घालून बघा. ढमीला बोलता येत नाही. मलाही येत नाही. पण बाई बोलल्या होत्या ना, आणि बाबांना कान होते.