हांझाची पहिली वाटी

रामतूचं लग्न ठरल्याची खूण म्हणून वाटायचे कोलाचे दाणे हाउवानं परत पाठवले, सोयरीक मोडली. कारणही विहिरीवर, सगळ्यांदेखत सांगितलं. "झुडपाच्या बिया खाऊन वाढलेली पोरगी! माझ्या लेकाला असली बायको नको." माझी लेक महिनाभर पाण्याला बाहेर पडली नाही. मी रोज जायचे आणि हाउवाला मनातल्या मनात शिव्या घालायचे.

तीन वर्षांनी बाजरी करपली. हाउवाचं कोठार रिकामं झालं, माळावर फक्त हांझाची झुडपं हिरवी राहिली. तिच्या घरात आजवर हांझा शिजला नव्हता. बियांची टोपली घेऊन ती माझ्याच दारात आली.

"रामतूची आई, या भिजवायच्या किती दिवस गं?"

सात दिवस, आणि रोज पाणी बदलायचं. नाहीतर जिभेवर ठेववत नाहीत, पोट ढवळतं ते वेगळंच.

"दोनच," मी म्हणाले. "आणि पाणी बदलू नकोस हो, सगळा कस जातो."

ती गेल्यावर मी पोट धरून हसले. रामतू हसली नाही.

"आई, पहिली वाटी कुणाची असते?"

माझं हसू तिथंच थिजलं. आमच्याकडची रीतच तशी, रांधायला शिकवणारीनं पहिली वाटी संपवायची, मगच घरच्यांनी हात लावायचा. रागाच्या भरात मी हे साफ विसरले होते.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. अंगणात हाउवा, तिचा नवरा, जावा, शेजारणी, सगळे उपाशी डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. पहिला घास कडूजहर. घशाशी आला. थुंकला असता तर सगळे सुटले असते, हाउवासुद्धा. पण मला तिला सोडायचं नव्हतं. मी घास चावून चावून गिळला, वाटी संपवली, बोटानं पुसून चाटली.

"झकास झालंय. मीठ तेवढं कमी पडलं."

हाउवानं मोठा घास घेतला. तिचे डोळे भरून आले, गाल फुगलेलेच राहिले. शेजारणी टक लावून बघत होत्या. मी खाल्लं ते तिला खाववत नाही, हे ती चारचौघींत कशी कबूल करणार?

तिनं गिळलं. "छान आहे," म्हणाली.

माझ्या पोटात कळ आली. मी वाटी पुढे केली.

"मग वाढ की आणखी, हाउवाबाई. आणि तूही घे. आपण दोघी बरोबरच जेवू."